परदेशातून येणारे पार्सल आणि सीमाशुल्काचा हिशेब

हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजार या जुन्या मराठी वस्त्यांतील कित्येक कुटुंबांची मुले शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशात स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडून येणारी भेट असो वा परदेशी संकेतस्थळावरून मागवलेली वस्तू, पार्सल दारात येते तेव्हा सोबत सीमाशुल्काचे देयकही येते. ही रक्कम कशाची, हे ठाऊक नसल्याने काही जण विनाकारण वाद घालतात. याच अज्ञानाचा लाभ घेऊन भामटे इतरांना लुबाडतात.

सीमाशुल्क हैदराबादला नवे नाही. निजामाच्या राजवटीत या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत आणि मुंबई इलाख्यातून संस्थानात येणाऱ्या मालावरही जकात द्यावी लागे. मराठवाडा तेव्हा संस्थानातच असल्याने तेथील जुन्या पिढीलाही हा शब्द परिचित आहे. संस्थान गेले, देशांतर्गत जकातीच्या त्या सीमाही मिटल्या. देशाच्या सीमेवरील शुल्क मात्र 1962 च्या सीमाशुल्क कायद्यानुसार आजही आकारले जाते.

आकारणी कशी होते?

शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक खर्च आणि विमा यांची बेरीज करून आकारणीयोग्य मूल्य ठरते. त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, अशा क्रमाने आकारणी होते. काही वस्तूंना यातील एखाद्या घटकातून सूट असते.

समजा, वस्तू 8,000 रुपयांची असून वाहतूक व विम्याचे 2,000 रुपये झाले. मूल्य 10,000 रुपये ठरले. हिशेबापुरते मूळ शुल्क 10 टक्के धरले, तर ते 1,000 रुपये होते. त्यावर 10 टक्के अधिभार 100 रुपये. आता 11,100 रुपयांवर 18 टक्के कर धरल्यास 1,998 रुपये. एकूण भरणा 3,098 रुपयांचा. प्रत्यक्ष दर वस्तूनुसार आणि अर्थसंकल्पानुसार बदलतात, म्हणून मागवण्यापूर्वी चालू दर पाहणे श्रेयस्कर. कुरिअर कंपनी आपले हाताळणी शुल्क याशिवाय घेते. ती रक्कम सरकारी कर नव्हे, म्हणून देयकात ती स्वतंत्र दाखवली आहे का, हे पाहावे.

‘भेट’ लिहिले की सूट मिळते?

हा समज अजूनही दृढ आहे, पण तो कालबाह्य झाला आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाने 12 डिसेंबर 2019 रोजी ही सवलत बंद केली. टपाल वा कुरिअरने ‘भेट’ म्हणून शुल्कमुक्त वस्तू आणण्यास आता मनाई आहे. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबत पाठवलेल्या भेटवस्तू मात्र या अपवादात येत नाहीत. पूर्ण शुल्क भरून भेट स्वीकारता येते. आकारलेले शुल्क 100 रुपये किंवा त्याहून कमी असेल, तर कायद्यानुसार ते वसूल केले जात नाही.

बनावट दूरध्वनी कसा ओळखावा?

‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत’ किंवा ‘परदेशी मित्राने पाठवलेली भेट सीमाशुल्क विभागात अडकली आहे’ असे सांगून पैसे उकळण्याचे प्रकार देशभर घडत आहेत. दृक्‌श्राव्य कॉलवर तासन्‌तास बसवून ‘डिजिटल अटक’ झाल्याचे भासवले जाते. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये स्पष्ट केले होते.

सीमाशुल्काची रक्कम कोणाच्या वैयक्तिक बँक खात्यात वा यूपीआय क्रमांकावर भरली जात नाही. टपालाने आलेल्या पार्सलचे शुल्क टपाल खाते पार्सल देताना घेते. कुरिअरच्या बाबतीत मोबाइलवर आलेला दुवा न उघडता कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पार्सलचा क्रमांक टाकून पाहावा. सीमाशुल्क विभागाची नोटीस वा समन्स आल्यास त्यावरील दस्तऐवज ओळख क्रमांक तपासावा. 8 नोव्हेंबर 2019 पासून हा क्रमांक आवश्यक असून, तो खरा की खोटा हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येते.

फसवणूक झाल्यास लाजेपोटी गप्प बसू नये. 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवल्यास रक्कम पुढे वळण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते. घरातील ज्येष्ठांना हा क्रमांक आजच लिहून द्यावा. तसेच परदेशातील मुलांनी पार्सल पाठवण्यापूर्वी त्यातील वस्तू, खरी किंमत आणि पार्सलचा क्रमांक घरी कळवावा. कोणते पार्सल येणार आहे हे ज्यांना आधीच ठाऊक असते, त्यांना न आलेल्या पार्सलची भीती घालणे भामट्यांनाही अवघड जाते.