वारा डेन्मार्कचा, पाणी नॉर्वेचे

सन १९७३ च्या २५ नोव्हेंबरला, रविवारी, डेन्मार्कच्या सरकारने मोटारी रस्त्यावर आणण्यास मनाई केली आणि ज्या हमरस्त्यांवर एरवी पायी माणसाला उभेही राहता येत नसे, तेथे लोक मुलाबाळांसह सायकली फिरवू लागले. मौज खरीच; परंतु अरब राष्ट्रांनी तेलाचा हात आखडता घेताच ऊर्जेची सुमारे नव्वद टक्के गरज आयात तेलावर भागविणाऱ्या या देशाचे परावलंबन त्या दिवशी भर रस्त्यात उघडे पडले.

१९७६ साली राष्ट्रीय ऊर्जा-योजना तयार झाली, तीत मानाचे पान अणुशक्तीला होते. मात्र पश्चिम जटलंडमधील ट्विंडच्या शाळेतील शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी, काँक्रीटचा त्रेपन्न मीटरांचा मनोरा रचून व काचतंतूंची पाती स्वहस्ते घडवून, १९७८ मध्ये दोन मेगावॉटची पवनचक्की उभी केली. ती अद्याप फिरते आहे. १९८५ साली कायदेमंडळाने अणुशक्ती योजनेतून वगळली. पुढे सहकारी मंडळ्यांतून शेतकरी व नागरिक पवनचक्क्यांचे भागीदार झाले. कोपनहेगनसमोरच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या वीस चक्क्यांपैकी निम्म्या अशाच मंडळीच्या मालकीच्या आहेत.

स्तुतिपाठकांच्या लेखणीतून सहसा निसटणारी गोष्ट अशी की, नव्वदच्या दशकाअखेर डेन्मार्क ऊर्जेत स्वयंपूर्ण झाला तो मुख्यतः उत्तर समुद्रातील तेल व वायू यांच्या बळावर. आज तेथील निम्म्याहून अधिक वीज वारा देतो. पण वारा काही सरकारी फर्मानाने वाहत नाही. तो जोरात असला की जादा वीज समुद्रतळावरील तारांतून नॉर्वेकडे जाते, तेथील धरणांचे पाणी तेवढे शिल्लक राहते, आणि वारा पडला की तेच पाणी वीज होऊन परत येते. १९७६-७७ पासूनचा हा व्यवहार नसता, तर पवनचक्क्यांच्या जोडीला कोळशाच्या भट्ट्या कितीतरी अधिक पेटत्या ठेवाव्या लागल्या असत्या.

२०२२ च्या जूनमध्ये रूबलमध्ये पैसे देण्यास नकार दिल्यावरून रशियाने डेन्मार्कच्या कंपनीचा वायू बंद केला, तरी देशाचा व्यवहार थांबला नाही. विजेचे दर मात्र तेथेही कडाडले, कारण युरोपच्या सामाईक बाजारात दर पुष्कळदा वायूवर चालणारे महागडे केंद्रच ठरविते. ही महागाई तारांवाटे दक्षिण नॉर्वेतही पोहोचल्याने, डेन्मार्ककडे जाणाऱ्या जुन्या दोन तारांचे आयुष्य सरत आले असता त्या नव्याने टाकाव्यात की नाही, असा वाद तेथे पेटला.