वारसा आणि संयोजन (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग)

वारसा (इन्हेरिटन्स) आणि संयोजन (कॉम्पोझिशन) या ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये आधी लिहिलेल्या संकेतावलीचा पुनर्वापर करण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. वारशात नवा क्लास हा जुन्या क्लासचा उपप्रकार म्हणून घडवला जातो आणि जुन्या क्लासचे गुणधर्म व मेथड त्याला आपोआप मिळतात. संयोजनात नवा क्लास दुसऱ्या क्लासचा ऑब्जेक्ट स्वतःजवळ बाळगतो व आवश्यक ते काम त्याच्याकडे सोपवतो. पहिल्या नात्याचे वर्णन 'अ हा ब आहे' असे, तर दुसऱ्याचे 'अ जवळ ब आहे' असे करतात. कार हे वाहन आहे आणि कारला इंजिन असते, हे या दोन नात्यांचे नेहमीचे उदाहरण होय.

इतिहास

नॉर्वेतील ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास व उपक्लास या संकल्पना प्रथम आल्या. पुढे स्मॉलटॉक, सी++ आणि जावा या भाषांमुळे वारशाचा प्रसार झाला. १९८६ मध्ये ॲलन स्नायडर यांनी वारशामुळे क्लासची अंतर्गत रचना उपक्लाससमोर उघडी पडते, हा मुद्दा मांडला. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस यांच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथाने क्लासच्या वारशापेक्षा ऑब्जेक्टच्या संयोजनाला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व रूढ केले.

वारशातील अडचणी

वारसा घेताना हव्या असलेल्या मेथडबरोबर नको असलेल्याही येतात. जावाच्या १९९६ मधील पहिल्या आवृत्तीपासून स्टॅक हा क्लास व्हेक्टर या क्लासचा वारस आहे. स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेला घटक सर्वप्रथम बाहेर काढणे अपेक्षित असते. परंतु व्हेक्टरकडून आलेल्या मेथडमुळे मधल्या कोणत्याही स्थानी घटक घालता किंवा काढता येतो. त्यामुळे स्टॅकचा मूळ नियमच पाळला जाईल याची हमी राहत नाही. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून हे नाते पुढील आवृत्त्यांतही कायम ठेवावे लागले. जावाचे अधिकृत दस्तऐवज आता त्याऐवजी २००६ मध्ये जावा ६ बरोबर आलेला डेक हा इंटरफेस वापरण्याचा सल्ला देतात.

दुसरी अडचण ठिसूळ मूळ क्लासची आहे. जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकातील उदाहरण त्यासाठी प्रसिद्ध आहे. हॅशसेट या संच-क्लासचा उपक्लास करून आजवर किती घटक घालण्याचा प्रयत्न झाला हे मोजायचे आहे, असे समजू. त्यासाठी एक घटक घालणारी आणि अनेक घटक एकदम घालणारी, अशा दोन्ही मेथड उपक्लासमध्ये नव्याने लिहून त्यांत गणक वाढवला जातो. तीन घटक एकदम घातले असता गणक तीनऐवजी सहा दाखवतो. कारण मूळ क्लासमधील दुसरी मेथड प्रत्येक घटकासाठी पहिलीच मेथड वापरते आणि ती हाक उपक्लासमधील नव्या मेथडकडे वळते. दोन्ही क्लास स्वतंत्रपणे पाहिल्यास निर्दोष दिसतात. चूक त्यांच्या अदृश्य संबंधात असते. दुसरी मेथड नव्याने न लिहिल्यास आकडा बरोबर येतो, पण तो मूळ क्लासच्या आतील रचनेवर अवलंबून राहतो आणि ती रचना पुढे बदलू शकते.

हेच काम संयोजनाने केल्यास नवा क्लास एक संच आपल्याजवळ ठेवतो, आकडा वाढवतो आणि काम त्या संचाकडे सोपवतो. आतील संच स्वतःचीच मेथड वापरत असल्याने मोजणी दोनदा होत नाही.

पर्यायक्षमता

बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकार वापरला तरी प्रोग्रॅमचे अपेक्षित वर्तन बदलता कामा नये. भूमितीत चौरस हा आयतच असतो. मात्र ज्या आयत-क्लासची लांबी आणि रुंदी स्वतंत्रपणे बदलता येते, त्याचा वारस चौरस होऊ शकत नाही. कारण चौरसात एक बाजू बदलली की दुसरीही बदलावी लागते. बोलीभाषेत 'आहे' म्हणता येणे हा वारशासाठी पुरेसा आधार नाही, हे यावरून स्पष्ट होते.

संयोजनाच्या मर्यादा

संयोजनात केवळ काम पुढे सोपवणाऱ्या अनेक लहान मेथड लिहाव्या लागतात. तसेच आतील ऑब्जेक्टला आपल्याभोवतीच्या आवरणाची जाणीव नसते. त्याने स्वतःचा संदर्भ इतरत्र दिल्यास आवरण टाळले जाते. ऑब्जेक्टची संख्या वाढल्याने प्रोग्रॅमचा प्रवाह समजणेही काही वेळा कठीण होते.

निवडीचे निकष

उपक्लास मूळ क्लासच्या जागी सर्वत्र निर्धोकपणे वापरता येत असेल, मूळ क्लास विस्तारासाठीच रचलेला व तसा दस्तऐवजीकृत असेल, किंवा दोन्ही क्लास एकाच गटाच्या ताब्यात असतील, तर वारसा योग्य ठरतो. केवळ संकेतावली पुन्हा वापरणे हाच हेतू असेल, वर्तन प्रोग्रॅम चालू असताना बदलायचे असेल, किंवा मूळ क्लास दुसऱ्या संस्थेच्या लायब्ररीतील असेल, तर संयोजन अधिक सुरक्षित असते. दोन्ही पद्धती एकत्रही वापरता येतात: प्रकारांचे नाते इंटरफेसने व्यक्त करून प्रत्यक्ष काम संयोजनाने केले जाते.

भाषांमधील तरतुदी

गो आणि रस्ट या भाषांमध्ये क्लासचा वारसा नाही. कॉटलिनमध्ये क्लास मुळात बंद असतो व वारशासाठी तो स्पष्टपणे खुला करावा लागतो. काम सोपवण्यासाठीही तेथे स्वतंत्र सोय आहे. जावामध्ये फायनल या शब्दाने वारसा रोखता येतो, तर २०२१ मधील जावा १७ पासून सील्ड क्लासद्वारे कोणते क्लास वारस होऊ शकतात हे ठरवून देता येते.