तुमचं सिकंदराबाद

दिवाळीला आत्याकडे नांदेडला गेलो की आतेभाऊ दारातच विचारतो, "काय रे, तुमचं सिकंदराबाद आमचा विभाग कधी सोडणार?" मी काचीगुड्यात वाढलो आणि हैदराबादेतच सॉफ्टवेअरची नोकरी करतो, एवढाच माझा गुन्हा. नांदेड रेल्वे विभागाचं कार्यालय महाराष्ट्रात, पण तो येतो दक्षिण मध्य रेल्वेत आणि तिचं मुख्यालय सिकंदराबादला. हा विभाग मुंबईच्या मध्य रेल्वेला जोडावा, ही मराठवाड्याची जुनी मागणी आहे.

यंदा वाद फारच रंगला, तेव्हा आत्याने आजोबांची ट्रंक उघडली. आजोबा पूर्णा जंक्शनवर पार्सल क्लार्क होते. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर निझाम स्टेट रेल्वे, बढतीच्या पत्रावर सेंट्रल रेल्वे आणि निवृत्तीच्या कागदांवर साउथ सेंट्रल रेल्वे. तीन रेल्वेंची नोकरी केली, पण माणूस पूर्णेतून हलला नाही!

ही लाइन निझामाच्या राज्यातली. हैदराबादहून निजामाबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद असा गोदावरी खोऱ्यातून जाणारा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास मनमाडला पोचला. तिथे गाठ पडली जीआयपीच्या ब्रॉडगेजशी. एका रुळाची रुंदी एक मीटर, दुसऱ्याची साडेपाच फूट. त्यामुळे मराठवाड्याच्या कापसाचा डबा थेट मुंबईला जाणं शक्य नव्हतं. मनमाडला एका वाघिणीतून उतरवायचा, दुसरीत भरायचा. माणसांचंही तेच. आजीचं माहेर नाशिकचं. लग्नानंतर सासरी येताना मनमाडच्या फलाटावर रात्री ट्रंका, वळकट्या आणि रुखवताची भांडी हमालांच्या डोक्यावरून छोट्या गाडीत चढवली, त्यात एक समई राहिली ती राहिलीच. आजी नव्वदीतही त्या समईचं नाव काढायची.

१९५० मध्ये निझाम स्टेट रेल्वे केंद्र सरकारकडे आली. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी, निझाम, शिंदे आणि धोलपूर या रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. आतेभावाला हेच ठाऊक नव्हतं. ज्या रेल्वेत जायचं म्हणून तो भांडतो, तिच्यात मराठवाडा जवळजवळ पंधरा वर्षं होताच. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली, तेव्हा सिकंदराबाद आणि सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभाग तिला दिले गेले. सोलापूर १९७७ मध्ये परत मध्य रेल्वेत आलं. आपला भाग मात्र राहिला. आधी सिकंदराबाद विभागात, मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यातून वेगळ्या झालेल्या हैदराबाद विभागात आणि १ एप्रिल २००३ पासून नव्या नांदेड विभागात.

या सगळ्या फेरबदलांपेक्षा मोठा बदल १९९२ चा, असं माझं मत. त्या वर्षी मनमाड-औरंगाबाद ब्रॉडगेज झालं आणि मनमाडची ती उतरंड-चढण संपायला सुरुवात झाली. पुढे परभणी, नांदेड टप्प्याटप्प्याने झालं. पूर्णा-अकोला व्हायला २००८ उजाडलं. आमच्या क्षेत्रात जुनी सिस्टीम बदलताना दोन्ही काही काळ शेजारी शेजारी चालवतात. इथे मात्र रूळ उखडले की गाड्याच बंद!

आतेभावाची बाजू मला पटते. मुंबईकडच्या तोंडाला मनमाड आहे आणि ते भुसावळ विभागात, म्हणजे मध्य रेल्वेत. नांदेडहून मुंबईला निघालेली गाडी अर्ध्या वाटेवर दुसऱ्याच्या घरात शिरते. पण त्याच नांदेड विभागात तेलंगणातलं आदिलाबादही आहे, त्याचं काय करायचं हे तो सांगत नाही. आणि माझी खरी भीती वेगळी आहे. उद्या विभाग मुंबईकडे गेला, तर हैदराबादकडच्या गाड्यांसाठी भांडणार कोण? काचीगुडा, सुलतान बाजारातल्या किती घरांचं माहेर आजही परभणी-नांदेडला आहे. लेखी हमी मिळाली तर मीही सही करीन, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हमी कोण देणार, तुमचं सिकंदराबाद की आमची मुंबई?"

आत्याने तोवर कागद पुन्हा ट्रंकेत ठेवले होते. निवृत्तीचा तेवढा मी मागून घेतला.