फ्रीजमधून काढल्यावर वीस मिनिटं

जर्मनीत लेकीकडे गेलो, तेव्हा पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं, की स्वयंपाकघरातलं खालचं एक कपाट आम्हां दोघांसमोर कुणी उघडत नाही. चौथ्या दिवशी मीठ शोधताना मीच उघडलं. आत लांब मानेच्या हिरव्या बाटल्या! माझा सगळा जन्म बडोद्यात, दारूबंदीच्या राज्यात गेलेला. लेक कावरीबावरी झाली. जावई म्हणाले, "आई, तुम्हांला आवडणार नाही म्हणून..." मला दारूपेक्षा त्या लपवण्याचंच वाईट वाटलं. म्हटलं, "संध्याकाळी एक उघडा. मीही बघते काय असतं ते."

त्यांचं घर ट्रियरला, मोझेल नदीच्या काठी. हा रीसलिंग द्राक्षाचा मुलूख. या द्राक्षाची जुन्यात जुनी लेखी नोंद १४३५ सालची आहे.

फ्रीजमधून काढून लगेच दिलेला पहिला घोट म्हणजे कैरीचं पाणी. दात आंबले. पेला बाजूला ठेवून मी बटाटे चिरायला घेतले. वीसेक मिनिटांनी, फुकट कशाला घालवायची म्हणून पुन्हा उचलला, तर वाइन वेगळीच! आंबटपणा होता, पण त्याला आता अंग आलं होतं. जिभेच्या मध्यावर सायीसारखं काहीतरी मऊ, कडेला सालीसकट पेअर खाल्ल्यावर राहतो तसा बारीक तुरटपणा, आणि गिळल्यावर तोंडाला सुटलेलं पाणी. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर मागाहून गोडी येते ना, थोडं तसं. जावई म्हणाले, ही वाइन नुसती वास घेऊन कळत नाही, तोंडात घोळवावी लागते. फार गार असली तर फक्त आंबट लागते. दहा-बारा अंश बरे.

मग मी खोदून खोदून विचारलं. हा मऊपणा साखरेचा नव्हे. बाटलीवर 'ट्रोकन' लिहिलं होतं, म्हणजे कोरडी. रस आंबून झाला की यीस्ट मरून तळाशी बसतं. काही उत्पादक वाइन लगेच निवळून घेत नाहीत, त्या गाळावरच महिनोन् महिने ठेवतात. त्यानेच तिला अंग येतं. पिंपं लाकडी, साधारण १००० लिटरची. तिकडे त्यांना 'फुडर' म्हणतात. लाकूड इतकं जुनं, की त्याची चव उतरत नाही. तुरटपणा सालीचा. आणि आंबटपणा थंडीचा: उन्हाळा कडक असला की द्राक्षातलं आम्ल लवकर उतरतं. आपल्या नाशिककडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, इथे रीसलिंग ऑक्टोबरपर्यंत वेलीवर सावकाश पिकत राहतं.

पुढच्या रविवारी ब्रेम गावाजवळचा कालमोंटचा डोंगर पाहिला. चढ काही ठिकाणी ६५ अंशांच्या आसपास! तिथे ट्रॅक्टर चालणं शक्यच नाही. माणसं एका रुळावरच्या छोट्या गाडीतून वर जातात आणि हातानं द्राक्षं खुडतात. जमिनीवर काळ्या पाटीच्या दगडाच्या कपच्या. हाताला चांगल्या गरम लागत होत्या. दिवसभर ऊन पितात आणि रात्री वेलींना परत देतात. अधूनमधून मात्र झुडपं माजलेले पट्टे दिसले. मेहनत परवडत नाही, पुढची पिढी येत नाही, म्हणून सोडून दिलेले मळे ते. आमचे हे कोकणातले. बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत उभे होते. काही बोलले नाहीत.

एका संध्याकाळी जावयांनी जुनी बाटली काढली. वास घेतला आणि मी पेला खालीच ठेवला. चक्क रॉकेल! बाटली बिघडली असं वाटलं, पण मुरलेल्या रीसलिंगला असा वास येतोच, आणि काही लोक त्यावर जीव टाकतात म्हणे. मी नाही टाकला. मला ती कोवळी, गाळावरची, सायीचीच बरी वाटली. बटाट्याच्या सुक्या भाजीबरोबर तर फारच. दोन-तीन घोटांवर मी कधी गेले नाही, आणि त्याहून जास्त लागतही नाही.

परत येताना बाटली अर्थातच आणली नाही. परवा फोनवर लेक सांगत होती, त्या कपाटात आता मिठाचा डबा आणि डाळी आहेत, बाटल्या वरच्या फळीवर आल्यात.