कवटी बंद करण्याआधी

मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटला की आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात होते, आणि पुढचे काही तास जीवन-मरणाचे असतात. कळवा, मुंब्रा, दिव्यापासून शहापूरपर्यंत ज्या घरांना खासगी रुग्णालय परवडत नाही, त्यांना अशा वेळी आधी आठवतं ते कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. ते ठाणे महापालिकेचं, ५०० खाटांचं आणि राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथून पुढची वाट मुंबईतल्या केईएम किंवा सायन रुग्णालयाची. या वाटेवर जिथे कुठे रक्तवाहिनीसाठी कवटी उघडली जाते, तिथे शस्त्रक्रिया चालू असतानाच रक्तप्रवाहाचं चित्र पाहण्याची सोय असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ही सोय श्रीमंत रुग्णालयाचं भूषण मानली जाते, ते मला मान्य नाही. चूक दुरुस्त करता येते ती कवटी उघडी असेपर्यंतच.

लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं पहिलं क्ष-किरण चित्र काढलं. दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी ॲन्युरिझमच्या मानेला क्लिप लावली. तेव्हापासून सर्जनची अडचण तीच आहे: त्याला रक्तवाहिनीची बाहेरची बाजू दिसते, आत काय वाहतंय ते दिसत नाही. क्लिप नीट बसल्यासारखी वाटते. पण फुग्याच्या मानेचा तुकडा पात्यांबाहेर राहिलेला असू शकतो, मूळ धमनी चिमटली गेलेली असू शकते, किंवा मागच्या अंगाला असलेली, मिलिमीटरहून बारीक एखादी शाखा पात्यात अडकलेली असू शकते. ती शाखा बंद राहिली तर रुग्ण शुद्धीवर येतो तो एक बाजू लुळी घेऊन. निष्णात सर्जनच्या डोळ्याला एवढं कळतंच, असं म्हणणारे आहेत. मात्र शस्त्रक्रियेदरम्यान अँजिओग्राफी करणाऱ्या नामांकित केंद्रांचा अनुभव वेगळा आहे. साधारण दहातल्या एका रुग्णात चित्र पाहून क्लिप हलवावी लागली, आणि ते सर्जन नवखे नव्हते.

आज हे चित्र मिळवण्याचा सुटसुटीत मार्ग म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, ओटीतल्या बोलण्यात आयसीजी. हा हिरवा रंग १९५९ पासून यकृताच्या आणि हृदयाच्या तपासण्यांसाठी वापरात आहे. फ्रँकफर्टच्या आंद्रेआस राबे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तो मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरून दाखवला. भूलतज्ज्ञ शिरेतून काही मिलिलिटर रंग सोडतो, मायक्रोस्कोप अवरक्त प्रकाशावर नेला जातो आणि पडदा काळा होतो. काही सेकंदांत आधी धमन्या पांढऱ्या उजळतात, मग केशवाहिन्यांची धूसर चमक पसरते, शेवटी शिरा भरतात. क्लिपपलीकडचा फुगा काळाच राहिला आणि शेजारच्या बारीक शाखा उजळल्या, तर काम चोख. फुगा हळूहळू उजळू लागला तर क्लिप पुन्हा बसवायची. यकृत रंग झपाट्याने काढून टाकतं, त्यामुळे थोड्या वेळाने तीच तपासणी परत करता येते. रुग्णाला आयोडीनची ॲलर्जी आहे का, हे मात्र आधी विचारावंच लागतं.

या रंगाची मर्यादा मोठी आहे. मायक्रोस्कोपसमोर जे उघडं आहे तेवढंच दिसतं. रक्ताच्या गुठळीमागे किंवा मेंदूच्या घडीआड काही दिसत नाही. एव्हीएममध्ये, म्हणजे धमन्या आणि शिरांच्या जन्मजात गुंत्यात, हे फार जाणवतं. खोलवर राहिलेला छोटा अंश पुढे पुन्हा रक्तस्राव घडवू शकतो. तिथे जांघेतून नळी घालून केलेलं रक्तवाहिन्यांचं क्ष-किरण चित्रण, म्हणजे डीएसएच, भरवशाची. त्यासाठी सी-आर्म हे फिरतं क्ष-किरण यंत्र लागतं, आणि डोकं धरून ठेवणारी चौकट क्ष-किरण पार जाऊ देणारी लागते, कारण धातूची चौकट नेमका हवा तो भाग झाकते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी डीएसए केली तर निदान तेच होतं, पण अडकलेल्या शाखेच्या हद्दीतला मेंदू तोवर मेलेला असतो.

कॉइलिंगमुळे, म्हणजे नळीवाटे फुग्यात तारेची वेटोळी भरण्यामुळे, कवटी उघडण्याचे दिवसच संपले, हा आक्षेप वजनदार आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आयसॅट चाचणीत २१४३ रुग्ण होते. वर्षाअखेर मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण कॉइलिंगनंतर २३.७ टक्के, तर क्लिपिंगनंतर ३०.६ टक्के होतं. पण त्या चाचणीत दोन्ही उपचारांना योग्य ठरलेले रुग्णच घेतले होते. रुंद मानेचे फुगे, मेंदूच्या मधल्या धमनीच्या फाट्यावरचे फुगे, मोठी गुठळी झालेले रुग्ण आजही सर्जनकडेच येतात. म्हणजे उघडी शस्त्रक्रिया उरते ती अवघड रुग्णांसाठी, आणि तिथेच चित्राची गरज सर्वाधिक.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कळवा रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. खाटा, परिचारिका आणि अतिदक्षता आधी, बाकी सगळं नंतर, असं कोणी म्हटलं तर त्याला खोडून काढता येणार नाही. म्हणूनच हायब्रिड ओटीसारख्या, म्हणजे अँजिओग्राफीचं यंत्र आतच बसवलेल्या शस्त्रक्रियागृहासारख्या, अवाढव्य खर्चाची मागणी मी करत नाही. महापालिका किंवा सरकार न्यूरोसर्जरीसाठी मायक्रोस्कोप घेणारच असेल, तर निविदेत अवरक्त कॅमेऱ्याची अट आधीच घालावी, आयसीजीच्या कुप्या औषधसाठ्यात ठेवाव्यात, आणि एक मायक्रोडॉप्लर घ्यावा. त्याचं पेनासारखं बारीक टोक धमनीवर टेकवलं की प्रवाहाचा आवाज ऐकू येतो. मायक्रोस्कोपपेक्षा तो खूप स्वस्त आहे, आणि खरेदी त्याच्यापासून सुरू करता येते.