श्रोता कोण? ‘वन पीस’ आणि ‘नारुतो’ या मांगा-मालिकांतील पूर्ववृत्तकथन आणि मैत्रीभाव

कथेत एखाद्या पात्राचे पूर्ववृत्त सांगितले जाते, तेव्हा ते नेमके कोणासाठी सांगितले जाते, हा प्रश्न भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. महाभारताची कथा वैशंपायन जनमेजयाला ऐकवतो आणि पुढे सौती तीच नैमिषारण्यातील ऋषींना ऐकवतो. जनमेजयाच्या दृष्टीने ती स्वतःच्या कुळाची कथा असते. ऋषींच्या दृष्टीने ती तशी नसते. श्रोता बदलला की कथेचे प्रयोजनही बदलते. जपानी मांगा या चित्रकथाप्रकारातील दोन अत्यंत लोकप्रिय मालिकांची तुलना याच अंगाने केली असता, त्यांतील मैत्रीच्या कल्पनांमधला भेद स्पष्ट होतो.

एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही मालिका १९९७ साली सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिचा शंभरावा खंड प्रसिद्ध झाला. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ १९९९ ते २०१४ या काळात ७०० प्रकरणांत आणि ७२ खंडांत पूर्ण झाली. दोहोंचे प्रकाशनस्थान एकच आहे. ते म्हणजे १९६८ साली निघालेले ‘शोनेन जंप’ हे मुख्यतः किशोरांसाठीचे नियतकालिक. मैत्री, प्रयत्न आणि विजय ही त्रिसूत्री या साप्ताहिकाच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. दर आठवड्याला सुमारे वीस पृष्ठांचे एक प्रकरण द्यावयाचे, संघर्ष वाढवीत न्यायचा आणि ऐन संघर्षात थांबून एखाद्या पात्राचे बालपण उलगडायचे, ही रीतही दोन्ही मालिकांत समान आहे. भूतकाळाची पृष्ठे वेगळी दिसावीत म्हणून चौकटींमधील पांढरी जागा काळी करण्याचा मांगातील रूढ संकेत येथेही आढळतो. भेद आहे तो या काळ्या पृष्ठांतील कथा कोण ऐकतो, यात.

‘वन पीस’मधील नामी हिचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. आर्लाँग नावाच्या चाच्याने तिच्या पालक मातेचा वध केलेला असतो आणि तिच्या गावावर कबजा बसवलेला असतो. गाव विकत घेऊन सोडवावे, या आशेने नामी आठ वर्षे त्याच आर्लाँगसाठी नकाशे काढते आणि इतर चाच्यांना लुटून पैसा साठवते. हा वृत्तान्त तिची बहीण नोजिको सांगू लागते, तेव्हा नायक लुफी तो ऐकण्याचे नाकारून तेथून चालू लागतो. वाचक सर्व ऐकतो. नायक ऐकत नाही. पुढे आर्लाँग करार मोडतो आणि नामी हताश होऊन लुफीकडे मदत मागते. तो एकही प्रश्न न विचारता आपली गवती टोपी तिच्या मस्तकावर ठेवतो आणि लढावयास निघतो. रॉबिनच्या बाबतीतही असेच घडते. ओहारा या तिच्या जन्मभूमीच्या संहाराची कथा वाचकापुढे विस्ताराने येते. लुफीची अपेक्षा मात्र एवढीच असते की आपल्याला जगावयाचे आहे, हे तिने स्वमुखाने सांगावे.

या मालिकेत मैत्रीसाठी वारंवार येणारा शब्द ‘नाकामा’ हा आहे. त्याचा रोख भावनेपेक्षा सहभागाकडे अधिक असतो. एदो काळातील व्यापाऱ्यांच्या संघांनाही ‘काबुनाकामा’ असे म्हणत. मराठीतील ‘सवंगडी’ या शब्दात खेळातील सहभाग जसा गृहीत असतो, तसाच येथे एका जहाजावरचा सहप्रवास गृहीत असतो. पूर्ववृत्त ही सहभागाची अट नव्हे. परंतु या मैत्रीलाही मर्यादा आहे. जहाज दुरुस्तीपलीकडे गेले आहे, असे ठरताच उसोप नायकाशी द्वंद्व करून संघ सोडतो. त्याची व्यथा सोबत्यांना ठाऊक असते, तरीही त्याने क्षमा मागेपर्यंत ते त्याला परत घेत नाहीत. न विचारता देणारी मैत्री शिस्तीच्या बाबतीत कठोर असते.

‘नारुतो’त याच्या उलट रचना आहे. शरीरात नऊ शेपट्यांचा राक्षसी कोल्हा बंदिस्त असल्यामुळे सारे गाव नारुतोला दूर ठेवते. इरुका या शिक्षकाने त्याचे एकटेपण ओळखणे हा त्याच्या आयुष्याचा आरंभबिंदू ठरतो. म्हणून दुसऱ्याचे दुःख ओळखणे हेच येथे मैत्रीचे मूळ होय. नागातो हा युद्धात पोरका झालेला पुरुष नारुतोच्या गुरूला मारतो आणि त्याचे गाव उद्ध्वस्त करतो. तरीही नारुतो त्याच्यासमोर जाऊन त्याची कथा ऐकून घेतो आणि सूड सोडून देतो. येथे पूर्ववृत्ताचा श्रोता स्वतः नायक आहे आणि त्याच्या श्रवणाने कथानकाची दिशा बदलते.

मात्र श्रवणालाही अडथळा येतो, तो सासुकेपाशी. नारुतो जन्मापासून एकटा. सासुकेने सारे कुळ गमावलेले. ज्याच्याजवळ काही नव्हतेच त्याला गमावण्याचे दुःख कसे कळावे, हा सासुकेचा आक्षेप खोटा नाही. द्रुपदाने द्रोणाला मैत्री नाकारली ती संपत्तीच्या विषमतेमुळे. येथे ती दुःखाच्या विषमतेमुळे नाकारली जाते. या आक्षेपाला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही, म्हणूनच दोघांची झुंज एकाच दरीत दोनदा होते. दुसऱ्या झुंजीत दोघेही एकेक हात गमावून शेजारी पडतात. आपला पाठलाग का केला, असे सासुके विचारतो. मैत्री म्हणजे काय हे नारुतोला सांगता येत नाही. सासुकेला दुखले की आपल्यालाही दुखते, एवढेच तो सांगू शकतो.

या उत्तरापाशी दोन्ही मालिका एकमेकींच्या निकट येतात. सातशे प्रकरणांच्या श्रवणानंतर नारुतो जेथे पोचतो, तेथून लुफी आरंभ करतो: कारण न सांगता येणारी बांधिलकी. तथापि दोन्ही वाटा सारख्या नाहीत. लुफीच्या न विचारण्याला मोल येते ते वाचकाने सर्व ऐकलेले असते म्हणून. ऐकण्याचा भार तेथे वाचकावर आहे. ‘नारुतो’ तो भार नायकावर टाकते आणि ऐकूनही सर्व कळत नाही, हे त्याच्या मुखाने कबूल करते. किशोरांसाठी लिहिलेल्या लोकप्रिय चित्रकथेत वक्ता-श्रोता संबंधाचा इतका गंभीर विचार व्हावा, ही गोष्ट कथनशास्त्राच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.