वाटणीची गोष्ट

लिंबायतला आमच्या गल्लीत बहुतेक घरं खान्देशातली. माणसं मार्केटात नाहीतर लूमच्या खात्यावर कामाला, पण जीव गावाकडच्या दोन बिघ्यांत अडकलेला. दिवाळीला गावी गेलं की वाटणीचा विषय निघतो आणि विहिरीकडच्या तुकड्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. म्हणून या अंकासाठी बायबलमधली वाटणीचीच एक गोष्ट घेतली आहे.

ती उत्पत्तीच्या पुस्तकात, 13 व्या अध्यायात येते. आब्राम काका, लोट पुतण्या. दोघांची गुरंढोरं इतकी वाढली की एका कुरणात मावेनात. गुराख्यांची भांडणं होऊ लागली. आब्राम वडीलधारा, तरी त्याने पहिली निवड पुतण्याला दिली: तू एकीकडे जा, मी दुसरीकडे जाईन. लोटाने यार्देनकाठचा भरपूर पाण्याचा भाग उचलला. आब्राम उरलेल्यावर राहिला.

याला भोळेपणा म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. हा देश तुझ्या वंशाला देईन, असं वचन देवाने त्याला आधीच दिलेलं होतं. त्या वचनावर भार टाकला म्हणून त्याला हिसकावून घ्यायची गरज उरली नाही. पुढे लोट शत्रूच्या हाती सापडला, तेव्हा तोच आब्राम 318 माणसं घेऊन त्याला सोडवायला धावला. म्हणजे त्याने हक्क सोडला, नातं सोडलं नाही.

पण एकच अध्याय मागे जा. दुष्काळात मिसरात गेल्यावर याच आब्रामाने स्वतःचा जीव वाचावा म्हणून बायकोला, सारायला, बहीण म्हणून सांगायला लावलं आणि ती फारोच्या घरी पोचली. तिथे भीतीने निर्णय घेतला आणि किंमत दुसऱ्याने मोजली. 13 व्या अध्यायात त्याने सोडला तो स्वतःचा वाटा.

हा फरक आपल्या साहित्यातही दिसतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांचा विश्वास मोठाच. पण हातातला पैसा मागेल त्याला द्यायचे टिळक, आणि घर चालवायचं लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे'त त्या हे हसत हसत सांगतात, तरी त्यामागची ओढाताण लपत नाही. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलं. तो भार मात्र त्यांनी आपणहून उचलला होता.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल ख्रिस्ताबद्दल हेच सांगतो: त्याने स्वतःला रिकामं केलं. स्वतःला, दुसऱ्या कुणाला नाही.

गेल्या दिवाळीत पप्पा म्हणाले, "विहिरीकडचा तुकडा धाकट्याला देऊन टाकू, देव बघून घेईल." मम्मी म्हणाली, "त्या विहिरीत माझी पोत गेलीय. मला विचारलं का?" पप्पा गप्प झाले. मग त्यांनी विचारलं. मम्मीने दोन दिवस घेतले, प्रार्थना केली आणि म्हणाली, "द्या."

तुकडा काकांकडे गेला. उन्हाळी पीक आम्ही आता घेत नाही. पण काका यंदा नाताळला आमच्याकडे राहायला आले होते.